शेऱ्याचा रकाना

मिठाईच्या दुकानातून निघालेली काच आहे ही,
बारा मिलिमीटर जाड, एका कोपऱ्याला टवका.
सिराजभाईंनी ती मागच्या खोलीतल्या टेबलावर मांडली
आणि लेव्हलमधला बुडबुडा मधोमध येईस्तोवर
टेबलाच्या एका पायाखाली पत्ते सारले:
चौकटची दुर्री, वर बदामची सत्ती.
"अब इसकू कोई हात नक्को लगाव."

वाळूजला आम्ही दोघांनी जन्मभर मोजायचंच काम केलं.
ते टूलरूमला, मी क्वालिटीत.
तिथं मोजलेलं सगळं ट्रकमध्ये बसून निघून गेलं,
कुठं लागलं, कुणाच्या गाडीत, कधी कळलं नाही.
आता हातभर लांब एकच गाडी, रिमोटवरची,
चार चाकं, चार शॉक,
आणि दोनशे पानी वही, पट्टीनं रकाने पाडलेली.

गाडी तयार पाहिजे. बॅटरी आत,
टायर तेच, जे उद्या पळणार.
चार बोटं वर उचलायची, सोडायची,
तिची तिला बसू द्यायची,
पाहुणा दिवाणावर बसतो तशी,
आधी ताठ, मग जरा खाली.
मग पट्टी सरकवायची पोटाखाली.
पुढं पाच पूर्णांक दोन.
मी लिहितो. ते पुन्हा उचलतात, पुन्हा सोडतात.
पाच पूर्णांक तीन.
"कोणता लिहू?"
"दोनों लिख. झूट कौन बोलरा, बाद में देखेंगे."

कॅम्बर दीड अंश, डोकी आत.
मागची पावलं तीन अंश आत वळलेली,
निसरड्या घाटावरून उतरल्यासारखी.
तेल चारशेचं. स्प्रिंग पुढं पिवळी, मागं निळी.
आणि शेवटी शेरा. तिथं आकडा चालत नाही.
मागून सुटते. बरी. जमीन नव्हे, तवा.
कुत्रं आडवं आलं.

आठ डिसेंबरचं पान तेवढं कोरं आहे.
बंद कंपनीच्या पार्किंगमध्ये, सकाळी सातला,
मी पोहे आणायला गेलो होतो.
भाईंनी खाली बसून कायतरी फिरवलं,
अर्धा आटा की पाऊण, पुढचा की मागचा,
आणि गाडी अशी फिरली
की वॉचमन निवृत्ती घड्याळाचं बटण दाबायला विसरला.
तीन फेऱ्या. चौथीला गटाराच्या जाळीवर
पुढचा आर्म मोडला. मोजायला काही उरलं नाही.
पानावर फक्त माझं अक्षर:
आज चांगली होती.

भाई स्वतःच्या बोटांना विचारतात अजून.
"नहीं बोलते," म्हणतात.

दर शनिवारी गाडी खोलतो, जोडतो,
चार चाकांखाली चार वजनकाटे, सोनाराकडं असतात तसले.
डाव्या मागच्यावर सात ग्रॅम जास्त. दर वेळी सातच.
भाई चकती फिरवून सात काढतात,
आणि रविवारी गाडी उजव्या वळणाला रुसते.

परवा झाडताना टेबलाच्या पायाखाली
एकटी दुर्री दिसली.
नात, अरफा, दारातच उभी:
खेळायला एक पत्ता कमी पडत होता.
"कब लिया?"
"ईद के पहले."
"कौनसी ईद?"
तिनं खांदे उडवले.

भाई काचेकडं बघत बसले. पंखा फिरत होता.
"मतलब वो सात ग्राम टेबल के थे."
आम्ही सरळ गाडी सरळ करत होतो,
किती शनिवार, देव जाणे, आणि आठ डिसेंबर
त्याच्या अलीकडं होता की पलीकडं.
"खोडू का?" मी विचारलं.
"नक्को. गलत है, पर बराबर गलत है."

मग त्यांनी दुसऱ्या जोडातला एक पत्ता
मायक्रोमीटरच्या तोंडात धरला, चष्मा कपाळावर नेला.
"शून्य पूर्णांक एकोणतीस."
रकाना नव्हता त्याला.
शेऱ्यात लिहिलं.