तांब्याचा वायसर

जालन्यात लोखंड किलोवर जातं.
भंगाराचे ट्रक भट्टीकडे निघाले
की हादऱ्यानं घमेल्यातलं रॉकेल थरथरतं,
आणि रॉकेलात आठ व्हॉल्व्ह,
दंताळे वकिलांच्या डुक्कर फियाटचे.

"फेकायलास कशाला? आधी घास," रौफमामू म्हणतात.
मी घासतो. दातांचा जुना ब्रश, मग पॉलिश पेपर,
मग नख.
काजळी सुटते चहाच्या पातेल्याच्या बुडासारखी,
पापुद्र्या-पापुद्र्यानं.

सहाव्याच्या माथ्यावर दोन ठिपके निघाले, पंचचे.
मामूंनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.
"माझेच की. त्र्याऐंशीला.
तेव्हा हात हालत नव्हता."

मग काठीला रबरी टोपी लावून
दोन तळव्यांत व्हॉल्व्ह फिरवत बसलो,
ताक घुसळावं तसा:
पेस्टची खरखर, हळूहळू नुसती सळसळ.
हेड उलटं करून रॉकेल ओतलं.
चहा आला, कप परत गेले.
सातांतून थेंब नाही.
सहावा पाझरला.
पुन्हा घुसळ.

दिवेलागणीला राहिला तांब्याचा वायसर,
चाळीस वर्षं दबून दगड झालेला.
मामूंनी सांडशीत धरून लालबुंद केला,
पाण्यात सोडला. चर्र.
मी म्हणालो, आता तर आणखी कडक होणार.
"ते लोखंड," मामू म्हणाले.
"तांबं असंच मऊ येतं."
बोटानं दाबला. वाकला.

झाकण बसवायच्या आधी
त्यांनी पंच माझ्या हातात दिला.
सहाव्यावर तिसरा ठिपका
जरा कडेला गेला.