चार-पाच शब्द मागे

लाल पुठ्ठ्याच्या वहीत मी रविवार लिहिते.
तारीख, मग वाचन कुणाचं, फुलं कुणाची,
वेदीवरचं कापड कोण धुणार,
सरकारी दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला कोण जाणार.
बत्तीस घरं आमची, खानापुरात नि आसपास.
त्यातली अकरा आता पुण्याला, गोव्याला,
पण नावं मी खोडलेली नाहीत.
नाताळला येतात. तेव्हा खुर्च्या कमी पडतात.

पाळकसाहेब बेळगावहून महिन्यातून दोनदा,
साडेसातच्या बसनं, झगा पिशवीत.
बाकीचे रविवार शांतवन मास्तरांचे.
भाकर मोडायचा अधिकार त्यांना नाही,
म्हणून उपदेश जरा लांबवतात.

देऊळ बांधलं जंगलखात्याच्या कुणा साहेबानं.
भिंतीत पितळी पाटी आहे:
त्याची मुलगी, वय सात महिने.
पाटी घासायचं काम सालोमी चौगुलेकडे.
चिंच लावते, राख लावते,
घासता घासता म्हणते, "ऊठ गं बाई, तोंड धू."
इंग्रजी तिला वाचता येत नाही.
कोरलेला सात तेवढा बोटाला कळतो.

कौलं इथलीच, मलप्रभेकाठच्या मातीची.
गेल्या साली माकडांनी चोवीस फोडली.
त्यावर कमिटी तीन तास बसली,
अर्धा वेळ कानडीत, अर्धा मराठीत,
भांडण मात्र पूर्ण वेळ.
शेवटी भट्टीवाल्या दस्तगीरभाईंनी
चोवीसच्या भावात तीस दिली.
उरलेली सहा वेदीच्या मागं रचून ठेवलीत,
पुढच्या माकडांसाठी.

कापणीच्या सणाला लिलाव असतो.
भोपळा, रताळी, गुळाची ढेप,
आणि एक कोंबडी, तंगडीला सुतळी.
बोली समाधानप्पा पुकारायचे.
"नूर इप्पत्त! एकशे वीस! कोण वर जातंय बघा की!"
आकडा एकच, दोन भाषांत,
लोकांना वाटायचं बोली वाढली.
एकदा मी माझ्याच वर चढले
आणि ती कोंबडी अडीचशेला घरी आणली.
अंडं नाही दिलं तिनं, एकही.

कानडी घरं एकेक करून धारवाडकडे गेली.
राहिले समाधानप्पा, तिसऱ्या बाकावर, खांबाशी.
प्रभूची प्रार्थना आम्ही एकदमच म्हणतो,
ज्यानं त्यानं आपल्या भाषेत.
आमची आधी संपते.
त्यांचे चार-पाच शब्द मागं राहायचे,
मळ्यातून येणाऱ्या माणसासारखे, सावकाश, पायाला चिखल.
ते पोचेपर्यंत आमेन कुणी म्हणायचं नाही.
असं कुणी ठरवलं नव्हतं. वहीतही नाही.
पोरंसुद्धा त्या जागी श्वास धरायची.

ऑगस्टात समाधानप्पा गेले.
खांदा कोण देणार, हे मी लिहिलं नाही,
लिहायला वही शोधेपर्यंत
दस्तगीरभाई धरून सगळे उभे होते.

पुढच्या रविवारी पाळक नवे, तरुण.
प्रार्थना झाली. आणि आम्ही थांबलो.
त्यांनी डोळे उघडले,
माईकवर टिचकी मारली,
वाटलं असेल वीज गेली.
तिसऱ्या बाकाकडं कुणी बघत नव्हतं.
लांब, लोंढ्याच्या बाजूला, गाडीनं शिट्टी दिली.
मग सालोमीनं, का तिच्या नातवानं,
कुणीतरी आमेन म्हटलं,
आणि खुर्च्या करकरल्या.

उपासनेनंतर पाळकांनी मला विचारलं, हे काय होतं?
मी म्हटलं, चहा घ्या आधी.

आज कापणीच्या सणाची पानं आखली.
फुलं: महिला मंडळ. गायन: रविवारची शाळा.
कोंबडी: हलशीहून येशुदास देणार म्हणालाय.
बोली कोण पुकारणार?
तिथं मी माझंच नाव घातलंय, पेन्सिलीनं.
कानडी आकडे येतात मला, नूरपर्यंत.
त्याच्या वर कोंबडी गेली
तर बघू की.