दहामजली

मोजले तर नऊच, तळमजला धरून.
दस्तगीर लिफ्टवाला दहावा मोजायचा गच्चीवरच्या टाकीचा,
कारण तिथवर शिडीनं तो एकटाच जायचा,
आणि चढेल त्यानं मोजावं, असा त्याचा हिशेब.
रिक्षावाले त्याच्याच बाजूचे.
स्टँडवर उतरून नुसतं "दहामजली" म्हणायचं,
पत्ता विचारणारा परगावचा.

भूपालशेठ शेडबाळे हळदीचे.
वडिलांची हरिपुरात पेवं होती,
आत उतरलेल्या माणसाची हाक
वर येईपर्यंत जुनी व्हावी इतकी खोल.
उद्घाटनाला शेठ एवढंच बोलले :
"अण्णांनी खाली खणलं. मी वर खणलं."
लोक हसले.
मला तेव्हाही ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं.

मी सहाव्यावर, विम्याच्या सर्व्हेअरकडं, टायपिस्ट.
तुंगहून, बुधगावहून माणसं यायची,
काम दहा मिनिटांचं, लिफ्ट तीनदा.
एका म्हातारीनं चपला बाहेर काढून ठेवल्या
आणि वर दार उघडल्यावर
दस्तगीरलाच दरडावलं, "माझ्या चपला रं?"

दुपारी इमारतीची सावली पेठेत उतरायची
आणि वाघमोडेचा चहाचा गाडा तिच्या कडेकडेनं सरकायचा.
मी खिडकीतून गाडा बघून वेळ सांगायचे.
साहेब घड्याळ बघून म्हणायचे, बरोबर.

पण या गावात "किती झाली उंची?" असं विचारलं
तर कुणी मान वर करत नाही.
सगळे आयर्विन पुलाकडं बघतात.
एकोणचाळीस. चाळीस. पंचेचाळीस.
आमची उंची खालून येते,
बहुतेक रात्रीची.

पाचच्या पुरात पेवं गेली.
शेठ आठव्यावरच्या खुर्चीत दोन दिवस बसून होते,
हरिपूरच्या बाजूला पाठ करून.

एकोणीसला ती आमच्याकडंच आली.
लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्यानं.
झेरॉक्सचं दुकान, पतपेढी, शेठचं तैलचित्र, हार घातलेलं,
सगळं पायाखाली घालून
पहिला मजला चार पायऱ्यांवर असताना थांबली,
कुणी दम खायला थांबावं तशी.

सहाव्यावर आम्ही त्रेचाळीस जण, चार रात्री.
माझ्या टेबलावर कापडपेठेतल्या एका बाईनं कणीक मळली.
दाव्यांच्या फायली जमिनीवर पसरून
वर पोरं निजवली :
आग, अपघात, मृत्यू, यंत्रबिघाड,
त्यांच्यावर एक चादर.
एक पोरगं झोपेत हसलं
ते कुठल्या दाव्यावर, आठवत नाही.

सगळीकडं पाणी, आणि प्यायचं फक्त टाकीत.
दस्तगीर शिडीनं जायचा, बादलीनं आणायचा,
माणशी दोन तांबे, शेठलाही दोनच.
तिसऱ्या संध्याकाळी तो माझ्याजवळ टेकला, विजार पिळत.
"मॅडम, तळमजला तर गेला.
आता टाकी धरूनच नऊ.
घ्या, तुमचाच आकडा खरा की."

आता विश्रामबागेकडं बारामजली आहेत, काचेच्या,
त्यांना नावं आहेत, कुणी ती घेत नाही.
आमच्याकडं निम्म्या दारांवर "भाड्याने देणे आहे",
फोन नंबर पुसट.
लिफ्ट आता बोलते. बाईच्या आवाजात मजले सांगते
आणि आठव्यावर गप्प होते.
दस्तगीरला जाऊन दोन वर्षं झाली,
टाकी भरून वाहिली तरी कुणी वर जात नाही.

हयातीच्या दाखल्यासाठी परवा गेले होते,
कार्यालय पहिल्यावर, म्हणून जिन्यानं.
गाळाची रेघ तीनदा रंगवलीय,
तीनदा ती रंगातून वर आलीय, पिवळट.
तिथंच थांबले, चार पायऱ्या राहिल्या असताना,
हात भिंतीवर टेकून.
माझं गुडघ्यांमुळं.
तिचं मला अजून कळलेलं नाही.