लांडगा दोन वीत, चार बोटं

बाहुलीनाट्यगृहाच्या बैठकीत
तासाभरात एवढंच ठरलं
की पडदा उघडला पाहिजे.
म्हणजे कुणी वेबसाइटवर आलं की
आधी लाल मखमल, मग घंटा, मग धूर,
आणि धुरातून संचालक बेसारिओन,
हनुवटीला दोन बोटं लावून.

मी म्हटलं, बारा सेकंद लागतील.
ते म्हणाले, लोक आमच्यासाठी तास तास थांबतात.
थांबतात, पण आत आल्यावर.
कुताइसीच्या बसथांब्यावर
कडेवर मूल, हातात तडकलेला फोन,
ती बाई किती थांबेल?

कुणी ऐकलं नाही.
शिंपीण त्सिराला पोशाखांचं पान हवं होतं,
प्रकाशवाल्या गोचाला पार्श्वभूमी काळीभोर
आणि तिच्यावर अक्षरं राखाडी.
विश्वस्तांना इतिहास,
एकही साल न गाळता.
मी फळ्यावर चौकटी काढत गेले,
चौकटीतून चौकट, बाणातून बाण,
शेवटी खडू संपला.

जिन्याखाली तिकीटखिडकी.
तिथे नानुली, एकतीस वर्षं.
पायाशी शेगडी, कानाशी फोन,
आणि फोन ठेवला की
वहीत एक रेघ.
कसली? मी विचारलं.
तिनं वही काचेखालून सरकवली.

खेळ कितीला सुटतो, शेवटची गाडी मिळेल ना?
आजोबांची चाकाची खुर्ची वर कशी न्यायची?
मुलीला ऐकू येत नाही, तिला कळेल?
पोराला ताप आला तर पैसे परत?
मुतारी कुठे?
लांडगा केवढा आहे हो? आमचा घाबरतो.

प्रत्येक प्रश्नापुढे पाचपाचच्या जुड्या,
लांडग्यापुढे तर पान उलटून पलीकडे गेलेल्या.
आणि एका ओळीपुढे एकच रेघ:
संचालक कोण आहेत?
त्यांच्या आईचा फोन होता तो,
नानुली म्हणाली,
चुकून बाहेरून लागलेला.

त्या रात्री मी फळा पुसला.
आधी: आज काय, कितीला, कुठून यायचं.
तिकीट, दोनच टिचक्यांत.
जिन्याच्या पायऱ्या अकरा, कठडा उजवीकडे,
मागच्या दारानं उतार, बेल दाबा, वाजो येईल.
वाजोला विचारलं, येशील ना?
तो म्हणाला, तसाही मीच उचलून नेतो.

पडदा गेला. धूर गेला.
बेसारिओन पंधरा दिवस
माझ्याशी बाहुल्यांमार्फतच बोलत होते.
मग एका दुपारी स्वतः आले,
म्हणाले, लांडग्याचं पान मी लिहू?
त्यांनी लिहिलं:
लांडगा दोन वीत, चार बोटं, शेपूट सोडून.
आत माझा हात असतो.
हाताला संधिवात आहे, त्यामुळे तो फार पळत नाही.
शेवटी तो वाकून नमस्कार करतो.
घाबरलं मूल, तर पहिल्या रांगेत बसवा.
जवळून शिवण दिसते.

घोडं एकदाचं न्हालं,
गंगेत नाही, रिओनीत.
फोन कमी झाले. निम्मे, मग चौथाई.
नानुली काच पुसत राहिली,
पुसलेली काच पुन्हा पुसत राहिली.
माझी खिडकी नेलीस तू, म्हणाली,
रागानं नाही, हिशेब सांगावा तशी.
मी तिचा नंबर पहिल्या पानावर सगळ्यात वर चढवला,
अंगठ्याएवढा.
नियमात बसत नव्हतं ते,
माझ्याच, मी केलेल्या नियमात.

शनिवारी खेळाला वीस मिनिटं असताना वाजला.
वर डोंगरातल्या गावाहून कुणी माणूस.
तिकिटं घेतलेली, वाट माहीत, उतारही माहीत,
लांडग्याचं माप तर तोंडपाठ.
नानुली बराच वेळ नुसतं हं, हं करत होती.

काय विचारत होता?
काही नाही. म्हणाला, सगळं वाचलं,
पण आहात ना तुम्ही तिथे?

तिनं वही उघडली, रेघ मारली.
अलीकडे प्रश्न लिहायला पेन्सिल टेकवली
आणि तशीच धरून ठेवली.
बाहेर रांग वाढत होती.
कुणीतरी काचेवर नाणं वाजवलं.