‘ळ’चा खण

दाजीबा पिंगळे उभ्यानं लिहायचे,
छापखान्याच्या खिडकीला कागद लावून.
शाई ओली असतानाच मजकूर माझ्या हातात.
दहीपुलाजवळ, बुधवारी रात्री.
गुरुवारी ‘दिवटी’ निघायची. चार पानं, दोन पैसे.

मी खिळे जुळवायचो.
आमच्याकडे ‘ळ’ बावीसच होते,
त्यातले तीन कानतुटके,
आणि दाजीबांचा सगळा राग त्याच अक्षरात:
नळ. गाळ. घोटाळा. टाळाटाळ.
तांबट आळीला अकरा महिने पाणी नाही,
अध्यक्षांच्या मळ्यात मात्र खळखळ.

म्हटलं, एक ‘टाळाटाळ’ गाळा, दोन खिळे वाचतील.
म्हणाले, सावळीराम, ते अध्यक्षांना सांग.
मग पहिलं पान छापायचं, फर्मा सोडायचा,
‘ळ’ तेवढे रॉकेलनं पुसून
दुसऱ्या पानाला घ्यायचे.

खटला झाला. दोनशे रुपये दंड.
तांबट आळीनं घरटी एक घागर मोडीत घातली
आणि दंड भरला.
पुढच्या निवडणुकीत त्यांनीच दाजीबांना
मुंबईच्या कौन्सिलात धाडलं.

तिथून भाषणं यायची छापायला,
कुणा कारकुनाच्या सुवाच्य अक्षरात.
सदर बाब विचाराधीन. यथावकाश. समिती.
संबंधितांस सूचना देण्यात येत आहेत.
एका रात्री अख्खा कॉलम जुळवून झाला
तरी ‘ळ’च्या खणाला बोट लागलं नव्हतं.
कौन्सिलच्या अहवालात नाव आलं: पिंगले.
विचारलं, दुरुस्ती छापू?
राहू दे, म्हणाले. तिकडे सगळे तसंच म्हणतात.

नळ आला, खोटं कशाला बोलू.
त्यांनीच आणला. पाणी पहाटे तीन ते चार.
आळीतल्या बायका कागद घेऊन आल्या,
झोपायचं कधी, एवढंच विचारत होत्या.
दिवटीत छापा म्हणाल्या.
मी बघतो म्हटलं.
म्हणजे, विचाराधीन.

ते गेले तेव्हा नव्या संपादकानं लिहिलं,
सारा जिल्हा हळहळला, पोकळी निर्माण झाली.
खण ओढला. कोळ्यानं घर केलेलं.
फुंकर मारून चार वेचले:
हळहळीला दोन, पोकळीला एक,
आणि एक त्यांच्या नावाला. ‘पिंगळे’च लावलं,
कुणाला न विचारता.

खणाखाली तो बायकांचा कागद होता,
घडीवर पिवळा पडलेला.
चष्मा पुसून वाचला.
उरलेले खिळे मोजले, तुटके सोडून.
पुरत होते.