उजवा खिसा

सुपारीएवढा जीव. वजन करायचंच झालं तर
दोन चमचे साखर.
रंग वाळल्या चहापत्तीचा, पंखांवर बारीक आडव्या रेघा,
डोळ्यावर फिकट भुवई, कुणी घाईत ओढलेली,
आणि शेपूट सरळ उभं,
वर्गात उत्तर फक्त यालाच येतं जणू.

लीट्रिममध्ये त्याला रेन म्हणतात.
कुंपणाच्या बुडातून उंदरासारखा पळतो,
कोळी वेचतो, दिसतो न दिसतो,
आणि तोंड उघडतो तेव्हा
पलीकडच्या शेतातली गाय मान वळवते.

एप्रिलात त्यानं पाच घरटी बांधली.
आयव्हीत दोन, एक दगडी बांधाच्या फटीत,
एक फुटक्या किटलीत,
पाचवं मॅलाकीच्या शेडमध्ये,
खुंटीवरच्या जुन्या कोटाच्या उजव्या खिशात.

मग ती आली घरं बघायला.
पहिल्यात डोकावली, चोच मुरडली.
दुसऱ्यात ओल. तिसऱ्याला वारा.
किटलीकडे तर वळूनही पाहिलं नाही.
हा पुढेपुढे, पंख थरथरवत, दलालासारखा बोलत.
खिशात शिरली ती बाहेरच येईना.
आली ती कोंबडीचं पीस शोधायला.
म्हणजे ठरलं.

"माझं कानातलं यंत्र आहे त्यात," मॅलाकी म्हणाला.
"होतं," असम्प्टा म्हणाली. मोठ्यानं. दोनदा.
तेव्हापासून तो तिचं जांभळं जाकीट घालून
बटाट्यांना माती लावतो, बाह्या कोपरापर्यंत.
पोस्टमन हसतो.
हसला तर हसला, ऐकू कुणाला येतंय.

सहा अंडी, पांढरी, तांबूस शिंतोड्यांची.
खाली पिसं, पिसांखाली शेवाळ,
शेवाळाखाली अठराशे युरोचं यंत्र
उबेला.

संध्याकाळी तो बादली पालथी घालून बसतो.
रेन दाराच्या चौकटीवर येतो.
चोच उघडते, आतलं पिवळं दिसतं,
गळा फुगतो, शेपटीच्या टोकापर्यंत सगळा पक्षी हलतो,
उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखा.
मॅलाकी मानेनं ताल धरतो.
"काय म्हणतोय?"
असम्प्टा कपडे वाळत घालताना थांबते.
"कालचंच!" ती ओरडते. "पण घाई केवढी!"

जूनमधल्या एका सकाळी खिसा रिकामा.
पिल्लं आयव्हीत, ओळीनं, चिडलेली.
कोट अजून खुंटीवर.
"काढ की आता तो," असम्प्टा म्हणते.
त्याला ऐकू येत नाही,
किंवा येत नाहीसं तो करतो.

थंडीत हे पक्षी दाटीवाटीनं झोपतात,
वीसवीस एका भोकात,
डोकी आत, शेपट्या बाहेर.

मॅलाकीनं डाव्या खिशातल्या चाव्या
काढून ठेवल्यात.