शिकलगार साउंड

हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन.
वीस वर्षांत माझं भाषण एवढंच.
पुढचं ज्याचं त्यानं बोलायचं,
मी ते शेवटच्या खांबापर्यंत पोचवतो.

त्या दिवशी डिग्रजच्या शाळेत
आयर्विनचं पाणी उतरून चारच दिवस झालेले.
वर्गांतून गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, एक आजारी शेळी,
फळ्यावर अजून सुट्टी लागली त्या दिवसाची तारीख.
साहेब आले. चिखल लागू नये म्हणून
गेटापासून स्टेजपर्यंत पोती अंथरलेली, हळदीची.
पांढऱ्या बुटांना कडेनं पिवळं लागलं.

साहेब वाईट नव्हते. हे सांगतोय
कारण नंतर कुणी सांगितलं नाही.
त्यांनी शेळीची चौकशी केली.
मग माईक बोटानं टकटक वाजवला
(वाजवू नका म्हणून किती जणांना सांगू)
आणि समोरच्या बायकांकडं बघून म्हणाले,
"काही म्हणा, कृष्णामाईनं यंदा
दिवाळीची साफसफाई आधीच करून दिली."

माणूस बोलतो आणि आवाज बाहेर पडतो
त्याच्या मधे एक चकती असते,
रुपयाएवढी.
ती माझ्या अंगठ्याखाली होती.
मी फिरवली नाही.
मी हसलो.

संध्याकाळी ते वाक्य मिरजेला गेलं,
रात्री मुंबईला, सकाळी सगळीकडं.
विट्यात पुतळा जाळला. पेंढा ओला, पेटेना,
शेवटी कुणाच्या तरी गाडीतलं पेट्रोल काढलं.
साहेब म्हणाले, विपर्यास केला.
मग म्हणाले, भावना दुखावल्या असतील तर.
त्या 'असतील तर'लासुद्धा माईक माझाच होता,
भाडं वेगळं मिळालं.

त्याच आठवड्यात, त्याच शाळेत,
अंगणवाडीची मदतनीस छबूताई वायदंडे,
तीन रात्रींची जागी, हातात बिस्किटांचं खोकं.
कुणीतरी म्हणालं, परत हीच का?
तिच्या तोंडून गेलं,
"घरात काय रोज बासुंदी होती का?"
माईक नव्हता.
एका मोबाईलला तेवढं पुरलं.

तिचा पुतळा कुणी जाळला नाही.
ग्रामपंचायतीच्या पायरीवर उभं केलं.
'असतील तर' तिला येत नव्हतं.
ती म्हणाली, चुकलं.
दोनदा म्हणाली,
कारण मागच्यांना ऐकू आलं नव्हतं.
ऑक्टोबरात तिच्या जागी दुसरी बाई आली.
तिचं स्वतःचं घर गळ्याएवढ्या पाण्यात गेलेलं,
ते त्या मोबाईलमध्ये नव्हतं.

साहेब पुढच्या वर्षी दुसऱ्या खात्यावर आले.
ओळखलं मला. "काय शिकलगार, आवाज खणखणीत हाय!"

मी ती क्लिप अजून बघतो,
दुकान बंद केल्यावर, शटर अर्धं ओढून.
अकराव्या सेकंदाला एक हसणं आहे,
माईकच्या अगदी जवळचं.
त्यानंतर बाकीचे हसतात,
बायकासुद्धा, पदर तोंडाला लावून,
कुणीतरी आधी हसलं की हसावं लागतं तशा.
लाखांनी बघितलं. शिव्याही लाखांनी घातल्या.
त्या हसण्याला कुणी काही म्हणालं नाही.

काल छबूताई दुकानात आली. पोरीची हळद.
दोन बॉक्स, एक मशीन, रात्री दहापर्यंत,
मी लिहीत होतो.
"माईक किती ठेवू?"
"माईक नको. गाणी वाजीव नुसती.
बोलायला कुणाला दिऊ नगंस."
मग पाण्याचा पेला खाली ठेवत,
बिलावरची तारीख वाचावी तशा आवाजात,
"पहिला तूच हसलावतास न्हवं?"

वर पंखा फिरत होता.
शेजारच्या भडंगवाल्यानं फोडणी टाकली,
दोघांनाही ठसका लागला.

पावतीवर लिहिलं: माईक – नाही.
पाचशे कमी केले.
"कशाबद्दल?" ती म्हणाली.
मी पेनाचं टोपण शोधत बसलो.